डेस्कटॉप सोडून घरच्या सर्व्हरवर आलेल्यांनो, अनुभव लिहा

काल माळ्यावरून जुन्या डेस्कटॉपचा कॅबिनेट काढला आणि २०१३ आठवलं. गूगल रीडर, म्हणजे आवडत्या साइटवरचे नवे लेख (फीड) एका जागी दाखवणारी सेवा, बंद झाली तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की आपलं वाचन दुसऱ्याच्या मर्जीवर चाललंय. फीडसाठी घरात सर्व्हर (सतत चालू राहणारा संगणक) लावला, मग एकेक करत सगळंच तिकडे गेलं. फायली नेक्स्टक्लाउड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, फोटो इमिचमध्ये, कोडसुद्धा ब्राउझरातच लिहिते. कुठलाही लॅपटॉप उघडा, अर्धवट सोडलेलं काम समोर हजर. तुमचं सांगा.

---

बिलांसाठी पेपरलेस वापरा, स्कॅन केलेले कागद साठवून शोधता येतात!! फक्त ओसीआरची (चित्रातली अक्षरं ओळखण्याची) भाषा डीफॉल्टला इंग्लिश असते, ते काम करणाऱ्या टेसरॅक्टचं मराठी पॅक सेटिंगमध्ये घालावं लागतं, मग छापील पावतीतला मराठी शब्दही सर्चला सापडतो. हस्ताक्षराचं मात्र विसरा

---

आमच्याकडे सीजीनॅट आहे (इंटरनेट कंपनी एकच पत्ता अनेक घरांना वाटून देते), पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे बाहेरून सर्व्हरपर्यंत वाट उघडणं, होतच नाही, घराबाहेरून सर्व्हर कसा उघडता?

---

^ टेलस्केल टाक, तुझी उपकरणं खासगी जाळ्यात जोडतं, सीजीनॅटमधूनही जातं. आतून वायरगार्ड हे व्हीपीएनच आहे, जे २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे. आणि काही झालं तरी लॉगिन पान उघड्या इंटरनेटवर ठेवू नकोस

---

मी डेस्कटॉप सोडणार नाही. व्हिडिओ एडिटिंग करतो, गिगाबिट केबलवरून सेकंदाला फार तर ११० एमबीच्या आसपास येतात आणि डेस्कटॉपच्या आतली एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) त्याच्या कितीतरी पट पळते. पूर्ण झालेले प्रोजेक्ट सर्व्हरवर टाकतो तेवढंच.

---

गेल्या वर्षी डिस्क गेली. ताईच्या घरी रोज रात्री एक कॉपी जायची म्हणून बाबांचे सगळे फोटो वाचले. कळकळीने सांगते, रेड (एकच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे, फाइल डिलीट झाली की दोन्ही डिस्कवरून जाते. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. बाळ उठलं, नंतर लिहिते

---

बाबांचं वाचून गलबललं गं. फोटो वाचले हे फार बरं झालं.

---

आमच्या आईला सर्व्हर वगैरे काही माहीत नाही, तिला नातवाचा चेहरा दाबला की त्याचे सगळे फोटो दिसतात ना, बास. इमिचमध्ये सर्चसाठी बहुभाषी मॉडेल निवडता येतं, तेही बघा

---

वीज गेल्यावर काय करता? यूपीएस आहे पण झोपेत असताना बॅटरी संपली तर?

---

नट नावाचं सॉफ्टवेअर आहे, यूपीएस यूएसबीने सर्व्हरला जोडायचा, बॅटरी खाली आली की ते स्वतःच सर्व्हर नीट बंद करतं. राउटरही त्याच यूपीएसवर घे