सहा हजार की सात हजार? चर्चा पाहून माझं मत अजून अधांतरीच (नोव्हेंबर 2024, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर)

अजून_ठरलं_नाही: काल रात्री टीव्हीवर विदर्भाच्या प्रश्नांवर चर्चा झाली, दोन्ही आघाड्यांचे प्रवक्ते होते. घरात सोयाबीनची थप्पी लागून आहे, तिलाच टेकून पाहत बसलो. गाजलं एकच. महायुती म्हणते सोयाबीनला क्विंटलमागे सहा हजार, काँग्रेसवाले म्हणतात सात हजार. 2024-25 चा हमीभाव 4,892 आणि बाजारात व्यापारी चार हजाराच्या आसपास घासाघीस करतात, म्हणजे ऐकायला दोन्ही गोडच.

प्रेक्षकांतल्या एका कास्तकाराने विचारलं, "खरेदी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर दाखवला की माल परत पाठवतात, त्याचं काय?" अँकर म्हणे, थोडक्यात सांगा. एकाने पुन्हा सहा हजार सांगितले, दुसऱ्याने सात, आणि जाहिरात लागली. आता कोणी म्हणेल, मर्यादा 15 टक्के केली ना. केली, पण मतदानाच्या तोंडावर. ज्याला दिवाळी करायची होती त्याने माल केव्हाच विकला. भाव कितीही बोला, माप घेणार कोण आणि बारदाना (पोती) कुठून येणार? 20 तारखेला कोणतं बटण दाबू, खरंच ठरत नाही.

धुऱ्यावरून: चर्चा वाया गेली असं मला नाही वाटत. सभेतलं बोलणं हवेत जाते, हे कॅमेऱ्यासमोर बोलले. उद्या दाखवता येते.

अजून_ठरलं_नाही: दाखवून काय होते भाऊ? गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 चं, काम अजून अपुरंच. त्याचेही फोटो आहेत.

हिशेबी: दोघंही चुकताय. हमीभाव केंद्र ठरवते आणि ही निवडणूक विधानसभेची आहे. राज्य फार तर फरकाची रक्कम तिजोरीतून देईल. मध्य प्रदेशात 2017 ला असा फरक देणारी भावांतर योजना आणली, तेव्हा व्यापाऱ्यांनीच भाव पाडल्याची ओरड झाली होती. अँकरने हे विचारायला पाहिजे होतं. त्याला सोयाबीन तेलाच्या पिशवीतच माहीत, तो काय विचारणार म्हणा!

पानठेला: नोटाचं बटण दाबा, मोकळे व्हा.

हिशेबी: नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी निवडून उमेदवारच येतो. मग उपयोग काय?

वेचणीवाली: राजेहो, मले वावर नाही. मी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचाले जाते. तुमचे सहा अन् सात हजार माह्या घरी येत नाहीत. लाडक्या बहिणीचे दीड हजार आले ते सरळ माह्या खात्यात आले. आता एक म्हणते 2,100 देतो, दुसरा म्हणते 3,000. टीव्हीवरचा तो एक जण याले रेवडी म्हणत होता अन् हमीभावाले हक्क! मले तं चर्चा लय कामाची वाटली. आपल्याले कोण हसते ते दिसलं. माहं मत ठरलं.

अजून_ठरलं_नाही: ताई, दीड हजाराला माझा विरोध नाही. पण कास्तकाराला भाव मिळाला तरच मजुरी वाढेल ना? दोन्ही एकाच वावरातून निघते.

धुऱ्यावरून: हे मात्र बरोबर बोलले.

वेचणीवाली: काहून बरोबर? 2021-22 मध्ये कापूस दहा हजाराच्या वर गेला होता. तेव्हा वेचणीचा भाव किती वाढवला होता, ते सांगा ना भाऊ.