हार्ट फेल्युअरमधे चालताना घड्याळातली पल्स बघायची की दमणूक?

दादरकर_जुना
बाबांचं वय ६८, ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ३० टक्के, मेटोप्रोलॉलची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आणि फिजिओने ६ ते २० आकड्यांचा एक कागद दिलाय, किती दमल्यासारखं वाटतं तो आकडा सांगायचा आणि ११ ते १३ मधे राहायचं. इथपर्यंत ठीक होतं, मग भाच्याने स्मार्टवॉच दिलं. २२० वजा वय, त्याचे ८० टक्के असा हिशोब बाबांनी कुठूनतरी काढला, म्हणजे पल्स १२० तरी व्हायला हवी, आणि ती ९२ च्या वर जातच नाही. मग शिवाजी पार्कला कट्ट्याच्या कडेने तावातावाने चालतात नि घरी येऊन खुर्चीत बसले की बराच वेळ तोंडातून शब्द नाही. विचारलं तर "काही होत नाही मला, ९ लिही". आता घड्याळ खरं मानायचं की कागद? आणि असा माणूस सांगेल त्या आकड्यावर भरवसा काय ठेवायचा?

फिजिओ_परळ
त्यांचं घड्याळ बिघडलेलं नाही, हिशोब चुकलाय. मेटोप्रोलॉल बीटा ब्लॉकर आहे, पल्स खाली ठेवणं हेच त्याचं काम, त्यामुळे २२० वजा वय इथे लागू नाही. एएफ (ठोके अनियमित पडण्याचा आजार) असेल तर पल्सवर अजूनच कमी भिस्त. कागदावरचा ६ ते २० चा स्केल बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाचा, ६ पासून सुरू होतो कारण निरोगी तरुण माणसात आकड्याला १० ने गुणलं की साधारण पल्स येते. बाबांसाठी तो गुणाकार सोडून द्या, गोळीने पल्स दबते, धाप दबत नाही. ११ म्हणजे हलकं, १३ थोडं जड, १५ जड. आकडा घरी आल्यावर नाही, चालता चालता विचारा, आणि श्वासाचा वेगळा, पायांचा वेगळा, कारण ह्या आजारात पायाचे स्नायूही कमजोर होतात, पुष्कळांचे पाय आधी थकतात.

गिरगावची_सून
सासूबाईपण अशाच, कायम "बरंय गं". मी आकडा विचारणंच सोडलं, चौपाटीकडे जाताना नणंदेला फोन लावून देते. अख्खं वाक्य एका दमात आलं तर ठीक, दोन शब्दांवर श्वास घेतला की मी बाकडं बघते 😄 नंतर आकडा आणि सकाळचं वजन कालनिर्णयवर. माझं मत विचाराल तर एका दिवसाचा आकडा फार काही सांगत नाही, तीच फेरी तोच वेग आणि आकडा चढत चाललाय का ते बघायचं. मधे त्यांचा ११ चा १४ झाला, वाटलं ऑक्टोबरचा उकाडा आहे, पण वजनही तीन दिवसात दोन किलो वर आणि पाय सुजलेले, म्हणजे अंगात पाणी साठत होतं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लघवीच्या गोळीचा डोस बदलला.

ठाणे_सायकल
घड्याळ अगदीच फेकू नका हो. बसल्या जागी पल्स रोजच्यापेक्षा खूप वेगळी दिसली तर कळतं तरी. फक्त त्याच्या मागे पळायचं नाही.

फिजिओ_परळ
@ठाणे_सायकल बरोबर. आणि व्यायामाचीच भीती ज्यांना वाटते त्यांच्यासाठी, २००९ ची एचएफ-अ‍ॅक्शन ट्रायल, २३३१ पेशंट, ईएफ ३५ किंवा कमी, त्यात व्यायाम सुरक्षित दिसला. अर्थात तब्येत स्थिर असताना, आणि सुरुवात देखरेखीखाली.

दादरकर_जुना
फोनची आयडिया भारी, आत्याला कामाला लावतो. एक राहिलं, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चालून आल्यावर जिना म्हणजे १३ च्या वर जाणारच ना?

फिजिओ_परळ
जाईल, म्हणून जिना हिशोबात धरूनच फेरी आखा. शेवटची पाच मिनिटं हळू, मग खाली बसून श्वास जागेवर आल्यावर चढायचं. प्रत्येक मजल्यावर थांबायचं, शेजारी बघतात म्हणून घाई नको, श्वास रोखायचा नाही आणि भाजीची पिशवी तुम्ही घ्या. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा थांबूनही धाप उतरत नसेल तर तिथेच बसवा आणि ताबडतोब मदत बोलवा, "आता एकच मजला राहिलाय" करून वर नेऊ नका.