मदत हवी आहे : आईला घेऊन कोल्हापूरहून मिरज, कुंदगोळ, धारवाड. दोन दिवसांत कसे बसवावे?

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतरच्या एखाद्या शनिवार-रविवारी आईला घेऊन गाण्याची गावे बघायला निघायचे आहे. गाडी घरची. चालवणार मी आणि हे, आलटून पालटून. मागे आई आणि सातवीतली लेक. आईचे वय ७४, गुडघे कुरकुरतात, दोन तासांच्या वर सलग बसवत नाही. लग्नाआधी ती बरीच वर्षे किराणा घराण्याचे गाणे शिकली. पुढे मैफली केल्या नाहीत, पण गल्लीतल्या मुलींना शिकवत राहिली. अजूनही पहाटे तंबोरा लावून बसते. तिची इच्छा एकच आहे : रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, जिथे शिकवायचे ते कुंदगोळ एकदा डोळ्यांनी बघायचे.

नकाशा उघडून बसले तेव्हा लक्षात आले की आपल्या दारापासून हुबळीपर्यंतचा सगळा पट्टाच गाण्याचा आहे. प्रत्येक गावात थांबायचे म्हटले तर आठवडा लागेल. म्हणून सगळे बघायचा हट्ट सोडला आणि दोन परंपरांचा माग धरायचे ठरवले.

पहिली आईच्या किराणा घराण्याची, म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांची. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना सिंगपेरुमलकोइल स्टेशनवर त्यांचे देहावसान झाले, पण मिरज हे त्यांचे गाव होते आणि त्यांना मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच दफन केले. त्यांचे शिष्य रामभाऊ, आणि रामभाऊंचे शिष्य गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, फिरोज दस्तूर. म्हणजे मिरज, कुंदगोळ, हुबळी.

दुसरी परंपरा आपल्या कोल्हापूरची. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आणले आणि जयपूर-अत्रौली घराण्याचे गाणे इथे रुजले. तरुणपणी खाँसाहेबांचा आवाज गेला आणि उरलेल्या आवाजातून त्यांनी ती अवघड, वळणावळणाची गायकी उभी केली. माझ्या लेकीला मी हे वारंवार सांगते, कारण तिचा आवाज सध्या फुटतोय आणि ती हिरमुसली आहे. या परंपरेचे दुसरे टोक धारवाडला आहे. मल्लिकार्जुन मन्सूर आधी मिरजेच्या नीलकंठबुवा अलूरमठांकडे ग्वाल्हेर घराण्याचे गाणे शिकले, मग अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ यांच्याकडे, आणि मंजी खाँ गेल्यावर त्यांचे भाऊ भुर्जी खाँ यांच्याकडे. मिरज आणि कोल्हापूर दोन्ही ज्यांच्या गळ्यात उतरले ते मन्सूरअण्णा धारवाडचे. कोल्हापूरकरांनी धारवाडला जायला एवढे एक कारण पुरे आहे, असे मला मनापासून वाटते.

आता अडचणी.

मिरज त्याच शनिवारी घ्यावी का? सकाळी लवकर मिरजेला जाऊन दर्गा, सतारमेकर गल्ली, आणि तिथूनच चिकोडीवरून संकेश्वरला हमरस्त्याला लागायचे, असा ह्यांचा बेत आहे. आईचा तंबोराही सोबत न्यायचा आहे. तो मिरजेचाच. हल्ली जवारी, म्हणजे तारांची गुंजन, बसली आहे, खर्ज (सगळ्यांत खालचा स्वर) लावला की आवाज आतल्या आत मरतो. जाता जाता काम होईल का?

कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ गाणे होते तो नाडगीर वाडा बघू देतात का? राहता वाडा आहे, त्यामुळे न सांगता दारात उभे राहणे मला बरे वाटत नाही.

मुक्काम धारवाडला की हुबळीला? आणि गदगचा वीरेश्वर पुण्याश्रम यात बसेल का? पंचाक्षरी गवई आणि पुट्टराज गवई यांच्याबद्दल आई खूप बोलते. अंध मुलांना गाण्यावर उभे करणारी ती जागा लेकीने पाहावी, असे मलाही वाटते.

जाऊन आलेल्यांनी जरूर सांगा.

— गंगावेशकर

*

उत्तर : मिरजवासी

ताई, मिरज वेगळीच काढा. कोल्हापूरहून ५० किलोमीटर, दीड तासाचा रस्ता. त्यासाठी धारवाडचा शनिवार कशाला मोडताय?

आणि तंबोऱ्याचे काम 'जाता जाता' होत नाही. जवारी म्हणजे घोडीच्या, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, माथ्याचा उतार. तार त्या उतारावर जिथे जेमतेम टेकते तिथे स्वर फुलतो. वर्षानुवर्षे वाजून तारेखाली बारीक खाच पडते, तार तिच्यात रुतते आणि गुंजन जाते. कारागीर कानशीने तो माथा पुन्हा सारखा करतो. थोडे घासायचे, तार चढवायची, तारेखालचा दोरा सरकवून ऐकायचे, पुन्हा उतरवायची, पुन्हा घासायचे. चार तारांचे चार वेळा. जास्त घासले गेले तर घोडीच बदलावी लागते, म्हणून चांगला कारागीर घाई करत नाही. तंबोरा त्याच्याकडे ठेवा आणि परत न्यायला जाताना आईंना घेऊन जा. त्यांचा स्वर पेटीच्या कोणत्या पट्टीचा, काळी चार की पांढरी पाच, हे त्यांच्यासमोर लागलेले बरे. जवारी ज्याची त्याच्या कानाला पटली पाहिजे.

गाडीतून नेताना तारा उतरवून घ्या, भोपळा उशीवर ठेवा, आणि बंद गाडीत उन्हात अजिबात ठेवू नका. सांधे उन्हाने सुटतात.

गल्लीत गेलात तर लेकीला काम बघू द्या. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हा धंदा उचलला. फरीदसाहेबांचे नाव त्यात पहिले घेतात. भोपळे मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले गेले, पण पोरे या कामात टिकतील का ही काळजी घराघरात आहेच.

दर्ग्यात चिंचेच्या झाडापाशी आईंना बसवा. उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणे होते, रात्र रात्र चालते. जमले तर मिरज तेव्हासाठीच राखून ठेवा. उरूस चांद्र महिन्यांप्रमाणे येतो, तेव्हा तारीख दर वर्षी विचारून घ्यावी लागते.

*

उत्तर : कृष्णाकाठ

मिरजवासींशी सहमत. मिरजेला अर्धा दिवस देऊन तिचा अपमान करू नका. १९०५ साली बालगंधर्व पहिल्यांदा शकुंतला म्हणून उभे राहिले ते मिरजेत. विष्णु दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले तेही मिरजेत. हिराबाई बडोदेकरांचा जन्म तिथला. सांगली शेजारीच आहे. अल्लादिया खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीला आले असताना त्यांच्या कानावर मोगूबाई कुर्डीकरांचा रियाज पडला आणि तालीम सुरू झाली. तुमच्या दोन्ही परंपरा तिथे दहा किलोमीटरच्या आत भेटतात. त्यासाठी स्वतंत्र रविवार ठेवा, दुपारी जेवून निवांत घरी या.

चिकोडीचा रस्ता मुळीच घेऊ नका. अंतर फार वाचत नाही आणि ऊस सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे अडकून पडाल. दिवाळीनंतर तर कारखाने जोरात असतात.

*

उत्तर : हुबळीचा मराठी

नमस्कार. माझे आजोळ इचलकरंजी, राहणे हुबळी. म्हणून हा रस्ता नेहमीचाच.

कोल्हापूर ते धारवाड साधारण १९० किलोमीटर, पुढे हुबळी २०, आणि हुबळीहून कुंदगोळ आणखी २० च्या आसपास. कागल, निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर, धारवाड असा सरळ हमरस्ता. कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी असे टोलनाके लागतात. सहापदरीकरणाच्या कामामुळे काही ठिकाणी वळवलेले रस्ते आहेत, तेव्हा अंधारात चालवायची वेळ आणू नका. पावसाळा टाळलात ते चांगले केलेत. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा चढली की हमरस्ताच बंद होतो, २०१९ आणि २०२१ ला आपण सगळ्यांनी अनुभवले आहे.

माझे म्हणणे असे, की शनिवारी धारवाडला थांबू नका. आधी सरळ कुंदगोळ गाठा. ज्यासाठी आई निघाल्यात ते पहिल्या दिवशी, अंग ताजे असताना होऊ द्या. सहाला निघालात तर बेळगावला नाश्ता. तिथे पाय मोकळे करा. कुमार गंधर्वांचे सुळेभावी बेळगावजवळच आहे, त्यांच्या नावाचे रंगमंदिर बेळगावात आहे, तेवढे लेकीला सांगा आणि पुढे चला. बारापर्यंत कुंदगोळ.

वाडा नाडगीरांचा, खासगी. तुम्ही म्हणता तसे आधी कळवूनच जा. गावात सवाई गंधर्वांच्या नावाचे स्मारक भवन आहे, तिथे चौकशी केली की वाड्याशी बोलणे करून देतात, असा माझा अनुभव. एकदा घरात घेतले की मात्र परके म्हणून वागवत नाहीत. कानडी येत नसेल तर काही बिघडत नाही, जुन्या माणसांना मराठी कळते. आईंनी रामभाऊंचे नाव घेतले की पुढचे बोलणे आपोआप होईल.

त्या वाड्यात दरवर्षी रामभाऊंच्या स्मरणार्थ गाणे होते. भीमसेनअण्णा, गंगूबाई तिथे गायल्या. गंगूबाई शिकायला हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला यायच्या आणि रात्री परत जायच्या. तुमच्या आईंना हे माहीत असणारच, पण लेकीला कुंदगोळ स्टेशनवर पाच मिनिटे उभी करा. घर, मुले, लोकांचे बोलणे सांभाळून रोज ये-जा करणे काय असेल, ते त्या फलाटावर जास्त कळते.

मुक्काम हुबळीला करा. संध्याकाळी देशपांडे नगरात गंगूबाईंचे घर, 'गंगालहरी'. तिथे त्यांचे संग्रहालय आहे. उघडण्याची वेळ हॉटेलमधून फोन करून विचारून घ्या, गाडी काढायच्या आधी. रात्री जोळद रोट्टी आणि एणगाई, म्हणजे ज्वारीची भाकरी आणि भरली वांगी. गिरमिट-मिरची, म्हणजे मसाल्याचे चुरमुरे आणि मिरचीभजी, मुलीला आवडेल, आईंना तिखट झेपत असेल तरच द्या.

रविवारी परतीच्या वाटेवर धारवाड. मन्सूरअण्णांचे घर 'मृत्युंजय' स्मारक म्हणून जपले आहे. लहानसे, शांत घर. तिथे गर्दी नसते, आईंना हवे तेवढे बसता येईल. मग लाइन बझारचा पेढा घेऊन दुपारी दोनच्या आत धारवाड सोडा, दिवेलागणीला कोल्हापुरात.

गदगबद्दल : हुबळीहून ६० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन निम्मा दिवस. पुण्याश्रम धावत बघायची जागा नाही. तिथे मुले रियाज करत असतात, त्यांच्यात जाऊन बसायला वेळ हवा. शिवाय त्याच जिल्ह्यात भीमसेनअण्णांचे रोण आहे. दोन्ही मिळून पुढच्या खेपेला ठेवा. या खेपेला घातलेत तर धारवाड सुटेल, आणि कोल्हापूरकरांनी धारवाड सोडणे मला तरी बरोबर वाटत नाही.

*

उत्तर : रंकाळ्याचा वारा

वरच्या सगळ्या सल्ल्यांत एक भर. निघायच्या आदल्या संध्याकाळी आईंना आपल्या गायन समाज देवल क्लबला घेऊन जा आणि अल्लादिया खाँसाहेबांच्या पुतळ्यापाशी दोन मिनिटे थांबा. आपण रोज तिथून गाडी काढतो आणि मान वर करून बघत नाही. शेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळाले तेव्हा अख्खे शहर रात्रभर रस्त्यावर होते. आपल्या गावाला गाण्या-नाटकाचे काय वाटते हे त्या रात्री दिसले. धारवाडला जाऊन मन्सूरांचे घर बघणाऱ्या मुलीला हे गाणे कुठून तिकडे गेले ते आधी घरच्या अंगणात दिसले पाहिजे.

गाडीत ऐकायला : जाताना अब्दुल करीम खाँसाहेब आणि सवाई गंधर्वांच्या जुन्या तबकड्या, तीन-तीन मिनिटांच्या आहेत, मुलगी कंटाळणार नाही. येताना मन्सूर. आणि केसरबाई केरकरांचा भैरवीतला आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेला हे तिला सांगा. अल्लादिया खाँसाहेबांच्याच शिष्या त्या.

*

गंगावेशकर :

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सगळी उत्तरे वाचून दाखवली. कुंदगोळ स्टेशनचे वाचल्यावर ती बराच वेळ गंगूबाईंबद्दल बोलत होती.

ठरले ते असे. मिरज वेगळी. तंबोरा पुढच्याच आठवड्यात कारागिराकडे ठेवते आणि आणायला आईला घेऊन जाते. शुक्रवारी संध्याकाळी देवल क्लब. शनिवारी थेट कुंदगोळ, मुक्काम हुबळी. रविवारी धारवाड करून घरी. गदग उन्हाच्या आधी, फेब्रुवारीत, वेगळी खेप करून.

एकच राहिले. कुंदगोळला जाताना आईला वाड्यात थोडे गावेसे वाटते आहे. तंबोरा तोवर मिरजेतच असेल. असे विचारणे योग्य होईल का?

*

उत्तर : हुबळीचा मराठी

अगदी योग्य होईल, ताई. फोनवर चौकशी करताना हे आधीच सांगा, ऐन वेळी नको. मी त्या शनिवारी हुबळीतच आहे. माझ्या घरी तंबोरा आहे, काळी चारला लावलेला. आईंचा स्वर तोच असेल तर घेऊन येतो, नसेल तर कोणत्या पट्टीत लावू ते कळवा.

*

गंगावेशकर :

काळी चारच. वयामुळे कधी कधी पांढरी पाचवर येते, पण त्या दिवशी काळी चारच लावा म्हणते आहे. तारीख ठरली की निरोप करते.