साउथ ब्रिज रोड ते सेरंगून रोड: देवळांची पायी फेरी

प्रेषक: सहल समिती

सप्रेम नमस्कार.

पुढील महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सिंगापुरातील तीन जुन्या हिंदू मंदिरांची पायी फेरी काढावी, असे समितीने ठरवले आहे. सकाळी साडेसात वाजता साउथ ब्रिज रोडवरील श्री मारिअम्मन मंदिरापाशी जमावे. तेथून एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, लिटल इंडियाला जाऊन आपण सेरंगून रोडने श्री वीरमाकाळीअम्मन मंदिर पाहू आणि श्री श्रीनिवास पेरुमाळ मंदिरापर्यंत चालत जाऊ. ही देवळे दुपारी बाराच्या सुमारास बंद होऊन थेट संध्याकाळी उघडतात, त्यामुळे कृपया वेळ पाळावी.

मारिअम्मन हे येथील सर्वांत जुने हिंदू मंदिर. १८१९ मध्ये ब्रिटिश अधिकारी रॅफल्सबरोबर पिनांगहून आलेल्या नारायण पिल्ले यांनी १८२७ मध्ये ते लाकडाचे, झावळ्यांनी शाकारलेले असे उभारले. विटांचे बांधकाम १८४३ चे आहे. मंदिराच्या एका अंगाला टेंपल स्ट्रीट आणि दुसऱ्या अंगाला पॅगोडा स्ट्रीट आहे. यातला ‘पॅगोडा’ म्हणजे हेच देऊळ, हे अनेकांना ठाऊक नसते. प्रवेशद्वारावरील रंगीत शिखराची माहिती प्रथम बाहेरच उभे राहून देण्यात येईल आणि त्यासाठी अर्धा तास राखून ठेवला आहे.

सहल समिती

—

प्रेषक: एक जुना सभासद

समितीच्या ताईंना सादर नमस्कार.

उपक्रम उत्तम आहे आणि मी येणार आहे. मात्र आपल्या पत्रातील एका शब्दाबद्दल लिहिणे भाग आहे. प्रवेशद्वारावर जे आहे ते शिखर नव्हे, गोपुर, म्हणजे वेशीवरचा मनोरा, आहे. हा नुसता शब्दांचा कीस नाही, कारण आपण मराठी माणसे नेमके याच ठिकाणी फसतो आणि फसलो की देऊळ पाहायचे राहून जाते.

सिन्नरच्या गोंदेश्वरापुढे उभे राहिले की नजर आपोआप गाभाऱ्यावरच्या शिखराकडे जाते, कारण तेथे सर्वांत उंच भाग देवाच्या डोक्यावर आहे. द्राविड पद्धतीतही पूर्वी असेच होते. तंजावरच्या बृहदीश्वराचे १०१० च्या सुमारास पूर्ण झालेले विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचा मनोरा, साठ मीटरच्या आसपास उंच आहे आणि त्याच्यापुढे तेथील गोपुरे ठेंगणी दिसतात. पुढे विजयनगर आणि नायक राजांच्या काळात देवळांभोवती एकाबाहेर एक असे प्राकार, म्हणजे तटबंदीची आवारे, वाढत गेली, वेशीवरची गोपुरे उंचावत गेली आणि विमान आत बुटकेच राहिले. सिंगापुरात आलेली पद्धत ही नंतरची आहे. म्हणून येथे जे सर्वांत उंच आणि सर्वांत रंगीत आहे ते दार आहे, देवाचे स्थान नव्हे. त्यातच द्राविड परिभाषेत ‘शिखर’ हा शब्द विमानाच्या माथ्यावरच्या घुमटाकार भागापुरताच वापरतात, त्यामुळे आपला घोटाळा आणखी वाढतो.

दोन्ही लांबूनच ओळखण्याची एक सोपी खूण आहे. गोपुराचा माथा बैलगाडीवर घातलेल्या कमानदार छपरासारखा आडवा असतो आणि त्यावर कळसांची विषम संख्येची रांग असते. विमानाचा माथा गोल किंवा अष्टकोनी असतो आणि त्यावर एकच कळस असतो. मुलांना एवढे सांगितले तरी ती पुढच्या प्रत्येक देवळात आपणहून बोट दाखवतील.

म्हणून माझी सूचना अशी, की गोपुराला दहा मिनिटे पुरेत. आत गेल्यावर मंडपात न थांबता सर्वांना बाजूच्या उघड्या अंगणात न्यावे, कारण विमाने तेथूनच दिसतात. बलिपीठ (नैवेद्य ठेवण्याचा ओटा), ध्वजस्तंभ, मंडप आणि गाभारा एका रेषेत कसे येतात, हे त्यानंतर परत समोर येऊन दाखवावे. आवाराच्या भिंतीवर ओळीने बसवलेल्या गायीही आतूनच नीट पाहता येतात.

मारिअम्मनचे पहिले गोपुर १९०३ चे होते, सध्याचे १९२५ चे आहे आणि त्यावरच्या मूर्तींची गर्दी १९६० च्या दशकात वाढली. ‘दोनशे वर्षांपूर्वीची शिल्पे’ असे कोणी सांगू लागल्यास कृपया थांबवावे. दर बारा वर्षांच्या सुमारास कुंभाभिषेक, म्हणजे देवळाची पुनःप्रतिष्ठा, होते, त्याआधी मूर्ती दुरुस्त करून नव्याने रंगवतात. येथील शेवटचा कुंभाभिषेक फेब्रुवारी २०२३ मध्ये झाला. आपल्यापैकी काहींना हे रंग भडक वाटतात. तथापि पेशवाईतल्या विटा-चुन्याच्या शिखरांवर कोनाडे करून चुनेगच्चीच्या मूर्ती बसवल्या जात होत्याच; कामाची जात तीच आहे, येथे फक्त रंग ताजा आहे.

आपला,
एक जुना सभासद

—

प्रेषक: एक सभासद, मूळ गाव तंजावर

काकांना व समितीला नमस्कार.

आमचे घराणे तंजावरच्या मराठ्यांबरोबर दक्षिणेत गेलेले. ज्या बृहदीश्वराचा काकांनी उल्लेख केला, त्याच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. मारिअम्मन मंदिराचे कारागीर आले ते नागपट्टिणम आणि कडलूर भागातून, म्हणजे आमच्या शेजारूनच. त्यामुळे या देवळात मला परके वाटत नाही.

काकांचे म्हणणे मला पटते, पण गोपुर ‘नुसते दार’ नाही. गोपुराचे दर्शन म्हणजे कोटी पुण्य, असे तमिळमध्ये म्हणतात. ज्याला आत जाणे जमत नाही तो रस्त्यावरूनच हात जोडतो, जसे पंढरपुरात गर्दीमुळे आत जाता न आलेले वारकरी कळसाचे दर्शन घेतात. तेव्हा दहा मिनिटे द्या, पण त्या दहा मिनिटांत हेही सांगा.

दुसरे असे, की मारिअम्मन ही रोगराईपासून राखणारी देवी आहे आणि नावाने व कामाने ती आपल्या मरीआईची आठवण करून देते. त्याच आवारात द्रौपदीचेही देऊळ आहे; दिवाळीच्या सुमारे आठवडाभर आधी येथे निखाऱ्यांवरून चालण्याचा जो विधी होतो, तो तिच्यासाठी. याची माहिती वास्तूच्या ओघात दोन वाक्यांत तरी यावी.

एक तक्रारही नोंदवते. मागे एका फेरीत आमच्या मार्गदर्शकांनी आरती चालू असताना गाभाऱ्यासमोर उभे राहून मोठ्याने माहिती सांगितली आणि दर्शनाला आलेल्या एका आजीबाई खांबाआडून पाहत राहिल्या. मला फार ओशाळल्यासारखे झाले. बोलणे अंगणात व्हावे आणि मंडपात शांतता असावी, एवढीच विनंती.

—

प्रेषक: सहल समिती

सप्रेम नमस्कार.

दोन्ही पत्रांबद्दल आभार. ‘शिखर’ ही चूक माझी होती आणि सुधारित पत्रकात ‘गोपुर’ असे केले आहे. मारिअम्मनपाशी दहा मिनिटे समोरच्या पदपथावरून गोपुर पाहू आणि मग थेट अंगणात जाऊ. मंडपात कोणीही माहिती सांगणार नाही. गोपुराची पायरी ओलांडण्यापूर्वी चपला काढायच्या असल्याने, उन्हाने तापलेल्या फरशीचा विचार करून मुलांसाठी मोजे आणण्यास हरकत नाही.

वीरमाकाळीअम्मन मंदिरात रविवारी गर्दी फार असते, त्यामुळे तेथे फक्त दर्शन घेऊ. उरलेला वेळ पेरुमाळ मंदिराला देऊ. हे मंदिर १८५५ चे आहे. त्याचे पाच मजली, वीस मीटर उंचीचे गोपुर पी. गोविंदसामी पिल्ले यांच्या देणगीतून झाले असून त्यावर विष्णूचे अवतार आहेत. तैपूसम सणाची, खांद्यावर कावड घेऊन निघणारी यात्रा मुरुगनची (कार्तिकेयाची) असूनही निघते मात्र या विष्णुमंदिरातून, हे मला येथे अनेक वर्षे राहूनही अलीकडेच समजले.

काकांना विनंती आहे, की पेरुमाळच्या अंगणातील वीस मिनिटे त्यांनीच घ्यावीत. मुलांना गोपुर आणि विमान यांची रेखाटने करता यावीत म्हणून समिती वह्या आणि पेन्सिली आणील. फेरी तेथेच संपेल आणि फेरर पार्क स्थानक तेथून जवळ आहे. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे.

सहल समिती