प्रज्ञावान मुलांच्या गटात पालकांना आणि बाहेरच्या जाणकारांना कसं सामील करून घ्यावं?

प्रश्न (गणितशिक्षक): सहावी-सातवीच्या आठ मुलांचा वेगळा गट सुरू होतोय. पालकसभा घेतली की बोलणं फिरून मार्कांवरच येतं. पालकांकडून नेमकं काय मागावं? आणि शाळेबाहेरची जाणकार माणसं कशी जोडावीत?

समुपदेशक: सभेआधी पालकांकडून पानभर माहिती लिहून घ्या. ‘मूल हुशार आहे का’ हे विचारू नका, प्रसंग विचारा. कुणी न सांगता मूल तासभर कशात रमतं? काम अर्धवट सोडतं ते कोणत्या टप्प्यावर? अमेरिकी शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये प्रज्ञेची एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळं, म्हणजे तीन घटक, मांडले: सरासरीपेक्षा वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामातली चिकाटी. यातली चिकाटी लेखी परीक्षेत फारशी कळत नाही, घरी लख्ख दिसते. ज्या पालकांना लिहिणं जमत नाही त्यांच्याशी फोनवर दहा मिनिटं बोला, नाहीतर त्यांची मुलं निवडीतच मागे पडतात. हा अन्याय सहज होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

विज्ञानशिक्षिका: जाणकाराला ‘मार्गदर्शन करा’ म्हटलं की तो भाषण देऊन जातो. त्याच्याकडून खरं काम मागा. हवामानाच्या नोंदी ठेवणारं कुणी असेल तर वर्षभराच्या पावसाच्या कच्च्या नोंदी आणायला सांगा, मधले काही दिवस कोरे असलेल्या. कोरा दिवस म्हणजे पाऊस शून्य, की मोजायचंच राहिलं? हे मुलांना ठरवू द्या, खरी डोकेफोड तिथेच आहे. पंधरवड्यातून एकदा पाऊण तास, अशा सहा भेटी आधीच ठरवा. भेट शाळेतच, शिक्षक हजर असताना. मुलांशी परस्पर फोन किंवा मेसेज नकोत, हे पहिल्याच दिवशी लेखी द्या.

प्रश्नकर्ता: या गटातल्या मुलांना आधीच येत असलेला भाग शिकवताना वगळला तर पालक घाबरतात. त्याचं काय?

समुपदेशक: घाबरणारच, वही कोरी दिसते ना! मग तीच गणितं शिकवणीत पुन्हा गिरवली जातात आणि मुलाचा वाचलेला वेळ जातो. धडा सुरू करण्याआधीच त्यावरची चाचणी घ्या. साधारण ८५ टक्के येत असेल तर तो भाग वगळा, चुकलेला तेवढाच शिकवा. तपासलेली चाचणी वहीत चिकटवा. शेजारी दोन ओळी लिहा: काय वगळलं आणि त्या तासांना मूल काय करणार आहे. खाली पालकांची सही घ्या.