'घरगुती अन्न असुरक्षितता' म्हणजे नेमकं काय?

एका राष्ट्रीय पाहणीच्या अहवालाचं भाषांतर तपासते आहे. त्यात 'घरगुती अन्न असुरक्षितता' हा शब्द पानोपानी येतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, घरी रांधलेल्या जेवणातून विषबाधा होण्याबद्दल काही असावं! विषय आहे घरातल्यांना पुरेसं खायला मिळतं का, हा. सरळ 'उपासमार' लिहू का?

उत्तर
'घरगुती' आधी काढाच. मराठीत ते अन्नाचं विशेषण होऊन बसतं. आणि 'अन्न असुरक्षित आहे' म्हटलं की ते खाऊ नका, असाच अर्थ लागतो.

पण 'उपासमार'ही नको. ती शेवटची पायरी, आणि मोजणी तिच्या खूप आधी सुरू होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या प्रश्नावलीत 8 प्रश्न आहेत. पहिला निव्वळ काळजीचा: गेल्या 12 महिन्यांत अन्न पुरणार नाही अशी चिंता वाटली का? मग पौष्टिक खाता न येणं, त्याच त्या मोजक्या पदार्थांवर भागवणं, एखादं जेवण चुकणं, कमी खाणं, घरातलं अन्न संपणं, भूक असून न जेवणं. आठवा प्रश्न, अख्खा दिवस पोटात काही न जाण्याचा. काळजीपासून उपाशी राहण्यापर्यंतचा हा सगळा पल्ला कवेत घेणारा शब्द आपल्याकडे आहे: भ्रांत. 'दोन वेळच्या जेवणाची भ्रांत' यात आजचं ताट रिकामं आहे असं नाही, उद्याचं ठाऊक नाही, हे आहे.

आणखी एक मत
'भ्रांत' सुंदर आहे, पण तो ऐकला की डोळ्यांसमोर हलाखी येते. काळजीच्या पायरीवरचं कुटुंब 'आम्हाला कसली भ्रांत?' म्हणेल आणि मोजणीतून निसटेल. मला 'विवंचना' बरा वाटतो. तो चिंतेलाही चालतो, चणचणीलाही.

शब्दाने किती फरक पडतो पाहा. अमेरिकेच्या कृषी विभागाने 2006 मध्ये आपल्या वर्गवारीतून 'भूक' हा शब्दच काढला आणि सर्वांत गंभीर गटाला 'अतिशय कमी अन्नसुरक्षा' म्हणायला सुरुवात केली. कारण असं की, भूक ही एकेका माणसाच्या शरीराला होणारी जाणीव, आणि पाहणी मोजत होती कुटुंबाची स्थिती. तर्क मला पटतो. तरी 'अतिशय कमी' वाचून कुणाच्या पोटात कालवत नाही, याचं वाईट वाटतं.

पहिलं उत्तर देणारा
मान्य. मात्र प्रश्न विचारताना 'भ्रांत' नको, 'विवंचना'ही नको. साधी वाक्यं हवीत. आणि 'पैसे किंवा इतर साधनं नसल्यामुळे' हे शब्द प्रत्येक प्रश्नात राहू द्या. मराठीत 'उपास' स्वेच्छेचाही असतो आणि नाइलाजाचाही. नुसतं 'दिवसभर उपाशी राहिलात का?' विचारलंत तर व्रत करणारा आणि वजन उतरवणाराही 'हो' म्हणेल.

विचारणारी
शीर्षकात 'कुटुंबांची अन्नविवंचना' घेते, कंसात 'अन्न असुरक्षितता' एकदाच. 'पैसे किंवा इतर साधनं नसल्यामुळे' भाषांतरात तीन प्रश्नांतून गळलं होतं, ते परत घातलं. आता 'कुटुंब' उरलं. एका छपराखाली दोन चुली असतील, तर 'कुटुंब' म्हणताना दोघांना मिळून एकच उत्तर येईल. 'एका चुलीवर जेवणारी माणसं' असं व्याख्येतच लिहू का?