बॅटरी मागच्या डब्यात नको, इंजिनातच बसवा

लेगोच्या ट्रेनचं इंजिन सहा स्टड (विटेवरचे गोल उंचवटे) रुंद केलं तर त्यात बॅटरी बॉक्स मावत नाही, तो मागच्या डब्यात टाका, असं कुणीतरी म्हटलंय. मावतो की ओ! लेगोचा ट्रेनसाठीचा सहा एएए सेलवाला बॉक्स चार स्टड रुंद, आठ स्टड लांब. दोन्ही अंगाला एकेक स्टडची भिंत उरते. ड्रायव्हरची केबिन पोकळ ठेवायचा हट्ट तेवढा सोडायचा.

खरी पंचाईत आपल्या डिझेल इंजिनांची. बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटात उभं राहून बघा, लांब नाकाड आणि दोन्हीकडे चालायची फळी. बॉक्समुळे नाकाडच सहा स्टडचं झालं की फळ्यांसकट आठ होतात. मी शेवटी आठच केलं. थोडं थोराड दिसतं, दिसू दे.

डब्यात बॅटरी ठेवली की इंजिन हलकं पडतं आणि मोटरची चाकं जागच्या जागी फिरतात, रबरी रिंगा असूनही. वजन मोटरच्या बोगीवर, म्हणजे मोटर असलेल्या चाकांच्या सांगाड्यावर हवं. गोव्याच्या वाटेवर कॅसलरॉकच्या घाटात ढकलायला मागून इंजिन लावतात, तसं घरात कुठलं लावणार!

लेगोचा जुना पॉवर फंक्शन्सचा मोटर-रिमोटचा संच असेल तर इन्फ्रारेड रिसीव्हरचं काळं डोकं छपराबाहेर राहू द्या, रिमोट त्याला दिसायला लागतो. त्यानंतरच्या पॉवर्ड अप संचाला ब्लूटूथ, ती कटकट नाही.

छप्पर मात्र दोनच स्टडवर अडकवा. माझं पहिलं घट्ट बसलं होतं; सेल बदलताना नखानं उचकटलं, तर अर्धं इंजिन हातात आलं. चार्जिंगचे सेल घातले तर ९ ऐवजी ७.२ व्होल्टच मिळतात, वेग थोडा कमी पडतो.